टीपीआर चार्टवर सगळ्यांचा श्वास वीसच कसा?

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात बाबांचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं. वय ७१, शुगर आहे, गोळ्यांवर असतात. दुर्बिणीनं खडा फोडला, आत स्टेंट ठेवला, तिसऱ्या दिवशी सकाळी सोडणार होते. दवाखान्याचं नाव लिहिणार नाही, विचारू नका. शेवटी तिथल्याच माणसांनी वाचवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला बाबांना हुडहुडी भरली. बाहेर ४२ डिग्री आणि हे दोन चादरी मागतायत. ताप १०१. सिस्टरनी पॅरासिटामॉल दिली, "ऑपरेशननंतर येतो थोडा" म्हणाल्या. ताप उतरला, आम्ही निवांत. सातला बाबांनी मला काकांच्या नावानं हाक मारली. काका जाऊन नऊ वर्षं झाली. मला वाटलं भुलीचा अंमल असेल. आई म्हणाली, "सारखे धापतायत रे." मी म्हटलं, झोपू दे त्यांना. हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

साडेनऊला रात्रपाळीची सिस्टर आली, बावीस-तेवीसची असेल. बाबांचा हात धरून घड्याळाकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मग बीपी लावलं आणि थेट फोनकडे गेली. दहा मिनिटांत ड्युटी डॉक्टर आले, पाऊण तासात बाबा आयसीयूत. कल्चरसाठी (कुठला जंतू आहे ते शोधायला) रक्त घेतलं, अँटिबायोटिक, भराभर सलाईन, पहाटे बीपी टिकवायला पंपावर नॉरअॅड्रेनलिन. सेप्सिस झालाय म्हणाले. सहा दिवस तिथं होते. आता घरी आहेत आणि भाकरी कडक का नाही म्हणून चिडतात.

मेडिक्लेमसाठी केसपेपरच्या झेरॉक्स काढल्या तेव्हा टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास लिहायचा तक्ता) पहिल्यांदा नीट बघितला. दुपारी २ ला श्वास २०. चारला २०. सहाला २०. आठला २०. साडेनऊला त्या पोरीच्या अक्षरात २८. बाकी त्या वेळचे आकडे: नाडी ११८, बीपी १०४/६०, ताप परत १०१, ऑक्सिजन ९६. मग कपाटातून बायकोच्या २०१९ च्या बाळंतपणाची फाईल काढली. तिथंही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत २०.

हे वीस येतं कुठून? आणि पलंगाशेजारी बसलेल्या घरच्या माणसानं नक्की काय बघावं, म्हणजे साडेचारलाच कळलं असतं?

चादरवाला

काय सांगलालाव! माझ्या हर्नियाच्या फायलीत बी वीसच हाय. म्हणजे अख्खं सोलापूर एका तालात श्वास घ्यायलंय की.

निवृत्त_सिस्टर

वीस कुठून येतं ते मी सांगते, कारण मीही लिहिलेलं आहे. चौतीस वर्षं नोकरी केली, आता खोटं कशाला बोलू.

ताप थर्मामीटर सांगतो. नाडी ऑक्सिमीटर सांगतो. बीपी मशीन सांगतं. श्वास सांगणारं यंत्र जनरल वॉर्डात नसतं, तिथं मिनिटभर उभं राहून छाती-पोटाकडे बघावं लागतं. चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर असल्या, त्यातली एक ऑपरेशन थिएटरात पेशंट सोडायला गेली असली, तर ते मिनिट कुठून आणायचं? नॉर्मल म्हणून डोक्यात पक्का बसलेला आकडा लिहिला जातो. काही जणी अठरा लिहितात. माझ्या एका मैत्रिणीनं तर रात्री गेलेल्या पेशंटच्या चार्टवर सकाळी सहाचा वीस आदल्या रात्रीच भरून ठेवला होता. मॅट्रननी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. त्यानंतर दोन आठवडे आम्ही सगळ्या प्रामाणिकपणे मोजत होतो.

मोजायची एक युक्ती आहे. "श्वास मोजते हं" असं पेशंटला सांगायचं नाही. सांगितलं की माणूस श्वास मुद्दाम घ्यायला लागतो. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरायचं, हात त्याच्याच पोटावर ठेवायचा, आणि वर-खाली एक असं पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की एका चुकीच्या चार होतात.

आयसीयूवाला

सिस्टर, तुमच्या प्रतिसादाला नमस्कार. एवढं खरं कुणी लिहीत नाही.

धागाकर्त्यांनी आकडे दिलेत म्हणून एक गणित करून दाखवतो. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली 'न्यूज' नावाची गुणपद्धत आणली, २०१७ साली ती सुधारली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण द्यायचे. बेरीज ५ झाली की डॉक्टरनं तातडीनं बघायचं, ७ झाली की आणीबाणी. आता तुमचे बाबा, साडेनऊ वाजता: नाडीचे २, बीपीचा १, तापाचा १. झाले ४. श्वास १२ ते २० असेल तर शून्य, २५ किंवा वर गेला की ३. नव्यानं आलेल्या गोंधळाचे ३. म्हणजे खरी बेरीज १०. पण चार्टवर २० लिहिलं आणि 'काकांच्या नावानं हाक मारली' हे कुणाला सांगितलंच नाही, तर बेरीज ४ वरच थांबते आणि कुणीही धावत येत नाही. वीस हा आकडा नेमका शून्य गुणांच्या शेवटच्या पायरीवर उभा आहे.

श्वासच आधी का वाढतो? सेप्सिस म्हणजे 'रक्तात जंतू पसरले' एवढंच नाही. २०१६ च्या व्याख्येप्रमाणे जंतूंशी लढताना शरीराचं उत्तरच बिथरतं आणि आपलेच अवयव बिघडवायला लागतं. ढेकणापायी घर जाळावं तसं. पेशींना प्राणवायू पुरत नाही, लॅक्टेट (त्यातून तयार होणारा पदार्थ, रक्तात मोजता येतो) साठतं, रक्त आम्लाकडे झुकतं आणि ते सावरायला फुप्फुसं भात्यासारखी चालायला लागतात. बीपी बऱ्याचदा नंतर पडतं, तरुण माणसात तर खूपच उशिरा. 'बीपी चांगलंय की' म्हणून बसून राहणारे डॉक्टरही मी पाहिलेत. एकेकाळी त्यांत मीही होतो.

रोखठोक_मोहोळकर

तुमचं गणित छान आहे डॉक्टर, पण आम्हा सामान्यांना सेप्सिस हा शब्द दोनदाच ऐकू येतो. एकदा आयसीयूचं बिल समोर ठेवताना, आणि एकदा मृत्यूच्या दाखल्यावर. 'सेप्टिक शॉक' लिहिलं की सगळे सुटले. ऑपरेशनमध्ये काय घोळ झाला ते कुणी विचारायचं नाही.

आयसीयूवाला

@रोखठोक, निम्मं बरोबर आहे. सेप्सिस कशातून झाला हे लिहिल्याशिवाय तो शब्द अर्धवटच आहे. निमोनिया की लघवी की पोट की लावून विसरलेला कॅथेटर, हे विचारायचा हक्क नातेवाइकांना आहे. विचाराच.

उरलेलं निम्मं नाही पटलं. २०१७ सालचा जगाचा अंदाज सेप्सिसचे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू असा आहे. त्या वर्षी जगात गेलेल्या दर पाच माणसांमागे एक. त्यामुळे दाखल्यावर हा शब्द वारंवार दिसणारच. आणि बिलाचं म्हणाल तर पहिल्या तासात लागतं ते स्वस्त असतं. कल्चरच्या बाटल्या, एक लॅक्टेट, अँटिबायोटिकचा पहिला डोस, आणि बीपी पडलं असेल किंवा लॅक्टेट ४ किंवा वर असेल तर वजनाच्या किलोमागे ३० मिली या हिशेबानं आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन). साठ किलोच्या माणसाला साधारण पावणेदोन-दोन लिटर. तरीही सरासरी दाब ६५ च्या वर राहत नसेल तर नॉरअॅड्रेनलिन. आणि जिथं पू किंवा अडथळा आहे तिथं वाट मोकळी करायची. खड्यानं लघवी अडून आत पिकलं असेल तर नुसत्या इंजेक्शनांनी भागत नाही. महाग होतं ते बारा तासांनंतरचं: व्हेंटिलेटर, डायलिसिस.

मंगळवेढ्याची_ज्वारी

माझ्या सासूबाईंचं लिहिते. तीन वर्षं झाली, अजून घरात कुणी बोलत नाही.

मे महिना. रानात पायात काटा मोडला होता, शुगर होती, आठवड्यानं तळव्याला जखम. एक दिवस दुपारी ग्लानी आल्यासारखं करायला लागल्या. सगळे म्हणाले ऊन लागलं. कैरीचं पन्हं दिलं, कांदा फोडून हातात दिला. अंगाला हात लावला तर गार. म्हणून आम्हाला बरंच वाटलं, ताप नाही म्हणून. सकाळपासून लघवीला गेल्या नव्हत्या; उन्हाळ्यात घामच जातो, लघवी कमीच होते, असं माझ्याच तोंडून गेलं. दवाखान्यात नेलं तिथंही ताप ९६ बघून अशक्तपणा आहे म्हणाले, एक सलाईन लावून रात्रभर ठेवलं. पायाचं फडकं सोडून कुणी बघितलं नाही. आम्ही सांगितलंही नाही. सकाळी सोलापूरला हलवलं. तिसऱ्या दिवशी गेल्या.

तुमच्या चार्टात गार अंगाला गुण असतात का हो डॉक्टर?

आयसीयूवाला

असतात, ताई. ३५ सेल्सिअसला किंवा खाली गेलं की ३, म्हणजे कडक तापापेक्षा जास्त. ९६ फॅरेनहाइटला १. म्हातारी माणसं, शुगरवाले, डायलिसिसवरचे, स्टिरॉइड घेणारे, यांना सेप्सिसमध्ये ताप येईलच असं नाही. पाय उघडून बघणं हे आमचं काम होतं, तुमचं नव्हे.

पूर्वभागातला

माझा मुद्दा वेगळा आहे. आमची आजी तेलुगूच बोलते, मराठी कामापुरती. निमोनियानं अॅडमिट होती. संध्याकाळी एकसारखं बोलायला लागली. वॉर्डातल्या सिस्टर हसून म्हणाल्या, आज आजी खुशीत आहेत. मी डबा घेऊन गेलो तर आजी आजोबांना मागावरून उठून जेवायला बोलवत होती. आजोबाही नाहीत आणि तो मागही भंगारात जाऊन वीस वर्षं झाली. मी डॉक्टरांना म्हटलं, ही बडबडतेय, बोलत नाहीये. त्यांनी ऐकलं हे आमचं नशीब.

सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी सगळं एका वॉर्डात. श्वास कुणीही मोजेल. पण आजीचं बोलणं बिघडलं हे तिच्या घरच्यालाच कळणार.

निवृत्त_सिस्टर

अगदी! केसपेपरवर 'कॉन्शस, ओरिएंटेड' असा शिक्का मारल्यासारखं लिहितो आम्ही. 'कुठं आहात' विचारलं की पेशंट 'दवाखान्यात' म्हणतो आणि झालं. कालचा माणूस आणि आजचा माणूस यांतला फरक नातेवाईक सांगतो.

नव्या_पेठेतला_जुना

थोडं अवांतर, पण सोलापूरचा धागा आहे म्हणून राहवत नाही. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला चीनला गेले हे सगळ्यांना माहीत. ते पुढं ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले ते डॉ. नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या सर्जनच्या नावाचं होतं. बेथ्यून कशानं गेले? आघाडीवर सैनिकांची ऑपरेशनं करताना बोट कापलं, जखमेतून जंतू गेले, आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते सेप्टिसीमियानं वारले. स्वतः सर्जन, आपल्याला काय होतंय ते कळत असणार, आणि हाताशी औषध नाही. पेनिसिलिन १९२८ ला सापडलं होतं, पण आजारी माणसाला टोचायला १९४१ उजाडलं.

चादरवाला

कोटणीस बी तसंच गेले का हो? शाळेत सांगितलेलं विसरलो.

नव्या_पेठेतला_जुना

नाही, त्यांना फिट्सचा त्रास होता. डिसेंबर १९४२, वय अवघं ३२. असो, धागा भरकटवला, क्षमस्व.

औषधवाला_अशोकचौक

भरकटलाच आहे तर माझंही ऐका. दुकानात रोज दहा जण येतात, 'तापाची अँटिबायोटिक द्या, तीनच गोळ्या द्या, पाच नको.' मी नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात जातात. असा माणूस चौथ्या दिवशी दवाखान्यात पोचतो तेव्हा कल्चर 'नो ग्रोथ' येतं, कारण जंतू अर्धमेला झालेला असतो; मेलेला नसतो. आणि आता डॉक्टर म्हणतात तासाभरात जोरदार अँटिबायोटिक द्या. प्रत्येक तापाला? मग राखीव औषधं उद्या कुणावर चालणार?

निवासी_डॉक्टर_झोपेत

+१. आमच्याकडे (कुठं ते विचारू नका) 'सेप्सिस' म्हटलं की मेरोपेनेम (जोरदार अँटिबायोटिक), हे प्रतिक्षिप्त झालंय. नंतर दुसऱ्या दिवशी कळतं डेंग्यू होता. त्यात दोन लिटर सलाईन भरभर चढवलेलं असतं, मग छातीत पाणी.

आयसीयूवाला

दोघांचा आक्षेप रास्त आहे. २००६ साली एक अभ्यास गाजला, सेप्टिक शॉकमध्ये अँटिबायोटिकला उशीर झालेल्या दर तासाला वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते असा. तो आकडा स्लाइडवर टाकून आम्ही बरीच वर्षं सगळ्यांना पळवलं. पुढच्या अभ्यासांत उतार एवढा तीव्र दिसला नाही, आणि शॉक नसलेल्यांत तर आणखी कमी. म्हणून २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत फरक केलाय. शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर तासाच्या आत. शॉक नाही आणि शंकाच आहे, तर भराभर तपासा, डेंग्यू-मलेरिया बघा, आणि तरी शंका राहिली तर तीन तासांच्या आत द्या. आणि दोन-तीन दिवसांनी कल्चर हातात आलं की औषध अरुंद करा (नेमक्या त्या जंतूपुरतं) किंवा बंद करा. ही शेवटची पायरी आपल्याकडे कुणी चढत नाही.

निवासी_डॉक्टर_झोपेत

सर, लॅक्टेट कुठून आणू? एबीजी मशीनची (रक्तातले वायू, आम्ल मोजणारं) कार्ट्रिज महिन्यातले दहा दिवस नसते.

आयसीयूवाला

बोट आणा. बोटाचं टोक दहा सेकंद घट्ट दाबा, सोडा. तीन सेकंदांत लाली परतली नाही तर सावध व्हा. २०१९ साली सेप्टिक शॉकवरच्या एका मोठ्या चाचणीत या बोटदाबीवर चालवलेले उपचार लॅक्टेटवर चालवलेल्या उपचारांपेक्षा कुठं कमी पडले नव्हते. गुडघ्यावर जांभळट जाळी उमटलीय का तेही बघा. आणि युरोबॅगेत तासाला किती उतरतंय. साठ किलोच्या माणसाला तासाला तीस मिलीच्या खाली गेलं की मशीन आलं काय नि नाही आलं काय.

लीड्समधली_सोलापुरी

मी इथं वॉर्डात नर्स आहे. आमच्याकडे आकडे टॅबलेटवर भरतो, बेरीज आपोआप होते, ५ झाली की स्क्रीन रंग बदलते. ऐकायला छान वाटतं. पण अख्ख्या रात्रीत त्या रंगानं इतके जण उजळतात की डॉक्टर फोनवर उसासा टाकतात. दमेकरी, हृदयाचे पेशंट, सगळ्यांचा ५. आणि हो, श्वास मोजायचं मशीन इथंही नाही. इथल्या चार्टवर सतरा-अठराची माळ लागलेली असते, एवढाच फरक. 😄

चादरवाला

म्हणजे तिकडचे लोक आपल्यापेक्षा दोन श्वास वाचवलालेत.

रोखठोक_मोहोळकर

सगळं मान्य. पण नातेवाइकानं श्वास मोजून सिस्टरला सांगितलं तर ती म्हणणार, 'तुम्ही डॉक्टर आहात का?' अनुभव आहे.

निवृत्त_सिस्टर

म्हणेलही. कारण तिच्याकडे दिवसभर येणारं वाक्य असतं, 'तुम्ही आमच्या पेशंटकडे लक्षच देत नाही.' ते ऐकलं की कुणीही कवाड लावून घेतं. त्याऐवजी असं सांगून बघा: "सिस्टर, मिनिटाला श्वास २८ भरतोय, दोनदा मोजला. दुपारी नातवाची नावं सांगत होते, आता मला ओळखत नाहीत. सहा तासांत पिशवीत शंभर मिली आहे." आकडे आले की तिलाच घाम फुटतो, कारण ते तिला डॉक्टरला फोनवर जसेच्या तसे सांगता येतात. 'पेशंट कसातरी करतोय' असं सांगून मी रात्री दोनला डॉक्टर उठवले आहेत आणि शिव्याही खाल्ल्या आहेत.

तरी कुणी आलं नाही तर अर्ध्या तासानं परत मोजा, परत सांगा, आणि 'हे केसपेपरवर लिहा' म्हणा. आवाज न चढवता. तोडफोड करणाऱ्यांमुळे आमच्या पोरी नातेवाईक दिसला की आधी दारच बघतात.

औषधवाला_अशोकचौक

वाचनखूण साठवली. हा शेवटचा प्रतिसाद प्रिंट काढून काउंटरवर लावतो.

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काल शेंगाची चटणी घेऊन त्या सिस्टरना भेटून आलो. घेईनात, मग आईचं नाव सांगितलं तेव्हा घेतली. मी विचारलं, त्या रात्री तुम्हीच नेमका श्वास कसा मोजलात?

म्हणाल्या, "ऑक्सिमीटरचे सेल गेले होते. नाडी हातानं मोजायला उभी राहिले, तेव्हा पोट किती जोरात हलतंय ते दिसलं. ऑक्सिजन नंतर डॉक्टरांनीच बघितला."

चादरवाला

म्हणजे सेल गेले म्हणून बाबा राहिले.

आयसीयूवाला

काय बोलू. उद्या राउंडला आमच्या वॉर्डातले दहा चार्ट उघडून बघतो.

आयसीयूवाला

बघितले. सात वीस, दोन अठरा. एक चोवीस होता, त्या पेशंटकडे आधी गेलो.

निवृत्त_सिस्टर

चोवीस कुणी लिहिला ते बघा आणि तिला चहा पाजा.

चादरवाला

मी आत्ता आजीचे मोजलो. अठरा. "टकामका काय बघलालास रे" म्हणली. आता परत मोजावं लागतंय, मधी बोलली ती.